हिरवी पट्टी

उभा जन्म एस.टी. हाकली नंदिनीच्या बाबानं. वेगाच्या काट्यावर नजर ठेवायची खोड त्यायच्या हाडात होती. नोकरी सुटली, काटा गेला, तं मनगटावर आकडा आला. आग लागो त्या घड्याळाले, असं मी पह्यल्या दिवसापासून म्हणत होती. पण या घरात माझं, धुरपताचं, ऐकते कोण?

मागच्या वर्षी त्यायले हार्टचा झटका आला. हृदयाच्या नसेत जाळी टाकली, जीव वाचला. डॉक्टरीण बाईनं घरी पाठवताना साधी गोष्ट सांगतली. रोज चाला, पण चालता चालता बायकोशी बोलता आलं पाह्यजे. दम लागून बोलणं तुटलं का समजा, जास्त होऊन राह्यलं, हळू व्हा. मले तं लय पटलं. लग्नानंतर पह्यल्यांदाच हा माणूस माझ्याशी धड बोलून राह्यला होता. नालवाडीच्या रस्त्यानं आमी रोज सकाळी पुलापर्यंत जावो. कोणत्या डेपोत कोण कसा फसला, कोणत्या कंडक्टरचं कोणाशी जमलं, रस्ताभर तेच. मी खुश होती, खोटं काऊन बोलू.

मंग सुट्टीत नंदिनी पुण्याहून आली, अन् बापासाठी ते घड्याळ घेऊन आली. ठोके मोजते म्हणे. दोनशे वीसमधून वय वजा करायचं, अन् उरलं त्याचा काही हिस्सा धरायचा. बाबाचे चालताना शंभर ते एकशे वीस ठोके पाह्यजेत. तेवढे असले का पट्टी हिरवी, वर गेले का लाल. कमी असले का राखाडी, म्हणजे चालणं फुकट. हे सारं तिले पुण्यात मोबाईलवर दिसे. पोरगी बापावर जीव टाके, तिच्या मनात वाईट काही नोतं.

पण बाबाचा आकडा नव्वदीच्या वर जाईच ना. कितीबी ताणून चालले तरी राखाडी. एक दिवस मी म्हणली, द्या मले. मी बांधलं तं चौक ओलांडायच्या आत पट्टी हिरवी. मी हसली, तं त्यायनं घड्याळ काढून घेतलं. संध्याकाळी नंदिनीचा फोन आला का बाबा, आजबी राखाडीच, आळस करू नका. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. मी काही बोलाले गेली का हातानं चूप करत. बोललं का पाय मंदावते म्हणे, आकडा खाली येते.

पुलावर महादेवराव बसत. त्यायलेबी हेच दुखणं. त्यायनं एक दिवस सांगतलं, "रूपराव, सकाळची लहान गोळी हाये ना, तेच ठोके धरून ठेवते. माझाबी आकडा चढत नाई. चढू नये म्हणूनच तं देतेत." मी म्हणली, चला, कारण सापडलं, पोरीले सांगून टाकू. नंदिनीचे बाबा म्हणाले, नको सांगू, तिले बहाणा वाटन.

मंग काही दिवसांनी पुलाच्या अलीकडेच पट्टी हिरवी झाली. माणूस लेकरासारखा हरखला. नंदिनीनं लागलीच मोबाईलवर आवाज पाठवला, शाब्बास बाबा. तो आवाज त्यायनं मले पुन्हा पुन्हा ऐकवला. मले वाटलं, तब्येत सुधरून राह्यली.

त्याच आठवड्यात ते पुलाच्या कठड्यावर टेकले, अन् बसल्या जागी पट्टी लाल झाली. माणूस बसलेला अन् आकडा चढूनच राह्यला. कपाळ घामानं ओलं. मी विचारलं, काय होते? छातीवर हात दाबून म्हणाले, "घड्याळ काढ. पोरीले दिसन."

त्याच्यानंतर ते बोललेच नाई. ऑटोत घालून दवाखान्यात नेलं, तवा काही उरलं नोतं. डॉक्टरीण बाईनं विचारलं, ठोक्याची गोळी बंद केलती का? एकदम सोडली तं हृदयावर उलटते ते. मले राग आला. मी म्हणली, असं कसं, रोज सकाळी मीच हातावर ठेवत होती.

त्यायच्या मागं पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे गेले. अंगण झाडताना मी मोगऱ्याची कुंडी सरकवली. नंदिनीचे बाबा रोज गोळी घेऊन तिथंच चूळ भरत. कुंडीखालच्या विटेच्या खाचेत लहान लहान पांढऱ्या गोळ्या होत्या. मी वेचल्या तं मूठ भरली. असा संताप आला का वाटलं, मेल्या माणसाले उठवावं अन् चांगलं सुनवावं. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागला माणूस, अन् कशापायी, तं पोरीनं शाब्बास म्हणावं. तिथंच बसून मी रडली.

मागं नंदिनी येऊन उभी राह्यली. रडून रडून डोळे सुजले होते तिचे. हातात मोबाईल, त्यात बापाचे हिरवे दिवस.

"आई, बाबा गोळी घेत होते ना? ती सोडली की असं होतं म्हणतात."

माझी मूठ पदराखाली गेली.

"रोज घेत होते," मी म्हणली. "मीच देत होती."

तिनं मान हलवली. मंग मी तिले चहा ठेवाले आत पाठवलं.