रिकाम्या खणांची साक्ष

मित्रांनो, तुमच्या वहीच्या रुंदीएवढी माझी लांबी. पारदर्शक प्लास्टिकची, सात खणांची, गोळ्या ठेवायची जुनी डबी आहे मी. प्रत्येक झाकणावर एकेका वाराचं नाव. मला सलग गोष्ट सांगता येत नाही, कारण माझ्यात जे राहिलं ते खणाखणांत राहिलं. म्हणून एकेक झाकण उघडते.

सोमवार

साच्यात ओतलं, गार केलं, कडा घासल्या. झाला माझा जन्म. औषधांच्या दुकानात एका बाईंनी माझी सातही झाकणं उघडून-मिटून पाहिली. "फार घट्ट नाहीत ना? आमच्या ह्यांना नखं जपावी लागतात," त्या दुकानदाराला म्हणाल्या. 'ह्यांचं' काम घड्याळदुरुस्तीचं होतं. सगळे त्या दोघांना काका-काकू म्हणत. मीही तेच म्हणते.

मंगळवार

काकांच्या थोरल्या भावाला बावन्नाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि तो गेला. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी काकांच्या रक्तातलं होमोसिस्टीन तपासलं. हा पदार्थ आपल्या शरीरातच तयार होतो. ब जीवनसत्त्वं कमी पडली की तो रक्तात साचतो, आणि ज्यांच्या रक्तात तो जास्त, त्यांना रक्तवाहिन्यांचे आजारही जास्त झालेले दिसतात. पंधराच्या आत असावा, तो काकांचा निघाला अठ्ठावीस. ब-बारा तर फारच कमी होतं. म्हणून रोज एक लाल गोळी सुरू झाली, ब-बारा आणि फॉलिक अॅसिडची. रक्तदाबाची पांढरी गोळी आधीपासून होतीच.

काकू दर रविवारी मला भरत. एका खणात एक लाल, एक पांढरी. सोमवारी काका मला दुकानात नेत आणि भिंगाशेजारी ठेवत.

तीन महिन्यांनी आकडा अकरावर आला. काकांनी तो कागद दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवू लागले.

शेजारचा चष्मेवाला म्हणाला, "काका, मुलीने अकरा मार्क आणले असते तर घरात घेतलं नसतंत!"

"मुळावरच घाव घातलाय मी," काका म्हणाले. "आता फांद्या कशाला छाटायच्या?"

पांढऱ्या गोळीने त्यांच्या पायांना सूज येई. संध्याकाळी चपला घट्ट होत. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. अकराचा कागद आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लाल गोळी तोंडात टाकली आणि पांढरी चिमट्याने उचलून केराच्या टोपलीत.

बुधवार

या खणाचं झाकण मोडलंय. इथे काही टिकत नाही. पुढे चला.

गुरुवार

रिकामा खण म्हणजे पोटात गेलेली गोळी, असं सगळे धरून चालतात. काकूही तसंच धरून चालत. रविवारी मी रिकाम्या पोटी घरी आले की त्या मला धुऊन, पुसून म्हणत, "गुणाची गं बाई तू. यांना शिस्त लावलीस." चार महिने मी हे कौतुक ऐकलं. ते माझं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण डबीने काय करावं?

शुक्रवार

काका एका नाजूक मनगटी घड्याळात स्क्रू बसवत होते. चिमटा हातातून निसटला. त्यांनी तो उचलायला हात पुढे केला, तर बोटं जवळून गेली आणि त्याला लागलीच नाहीत. तोंडाची एक बाजू खाली ओघळली. चष्मेवाला दुकान उघडं टाकून धावत आला आणि काकांना दवाखान्यात घेऊन गेला. जाताना त्याने मलाही खिशात घातलं.

काकू धापा टाकत पोचल्या. डॉक्टरीणबाई रक्तदाब मोजून थबकल्या. "एकशे नव्वद! गोळ्या चुकल्या होत्या का?"

"चुकण्याचं नाव नको!" काकूंनी चष्मेवाल्याकडून मला घेतलं आणि उजेडात धरलं. "ही बघा. सोमवार ते शुक्रवार, एक खण चुकलेला नाही."

डॉक्टरीणबाईंनी मला निरखलं. "मग ही गोळी पुरत नाही. आणखी एक जोराची सुरू करते."

त्यांनी लिहायला घेतलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या शब्दावर कुणाचं तरी औषध ठरत होतं, आणि माझी साक्ष खोटी होती.

काकांनी डावा हात उचलला. "लिहू... नका." शब्द जड, वाकडे येत होते. "पांढरी... मी घेतच नव्हतो."

"कधीपासून?"

"चार महिने. पाय... सुजायचे."

काकूंनी माझी उघडी झाकणं एकेक करून मिटली. "अहो, दर रविवारी मी हिला शाबासकी देत होते! सुजतात तर सांगायचंत ना. तेव्हा तोंड सरळ होतं तुमचं!"

मग त्या भिंतीकडे तोंड करून रडल्या.

शनिवार

डॉक्टरीणबाईंनी आदल्या दिवशीचं लिहिणं खोडलं होतं. "जुनी आणि नवी दोन्ही एकदम पोटात गेली असती, तर रक्तदाब धाडकन खाली आला असता," त्या म्हणाल्या. "बोललात ते बरं केलंत. सुजेसाठी गोळी बदलता येते. तेवढंच सांगायचं होतं."

"पण आकडा... अकरा होता."

"तो खराच आहे, काका. पण मोठ्या अभ्यासांत आकडा उतरला तरी हृदयविकाराचे झटके काही कमी झालेले दिसले नाहीत. तुम्हाला झाला तसे पक्षाघात थोडेसे टळत असतील, तेही थोडेसेच. तुमचं ब-बारा कमी होतं, म्हणून लाल गोळी हवीच. पांढरीचं काम मात्र ती करत नाही."



रविवार

काकांचं बोलणं सुधारलं. उजव्या हाताची दोन बोटं मात्र मंद राहिली. नाजूक घड्याळं ते आता घेत नाहीत, फक्त भिंतीवरची घेतात. मलाही आता कुणी भरत नाही. काकू रोज दुकानात येतात, गोळ्या तळहातावर ठेवतात आणि पाणी देतात. "आ करा. आता पाय दाखवा."

"अगं, चष्मेवाला बघतोय."

"बघू दे. त्याचा धंदाच बघण्याचा."

मी फळीवर पडून असते. मित्रांनो, माझी एखादी बहीण तुमच्या आजोबांच्या उशाशी असेल. तिला पुसत जा, उन्हात ठेवू नका. पण ती रिकामी दिसली म्हणून खेळायला पळू नका. दोन मिनिटं आजोबांजवळ बसा आणि विचारा, "गोळी घेतल्यावर तुम्हाला काय होतं?" मला सात तोंडं आहेत, पण त्यांतल्या एकालाही हे विचारता आलं नाही.