काचेचे चार कोपरे

माघातली सकाळ राजूरच्या खाणीमागे उजाडते तेव्हा धुक्याला कोळशाचा करडा काठ असतो, आणि त्या करड्या उजेडात माळावर एक विचित्र प्राणी वाकून उभा दिसतो: पाय पाच, डोके एकही नाही. तीन पाय लाकडी तिपाईचे, दोन आमच्या ह्यांचे. डोके काळ्या कापडाच्या आत, कॅमेऱ्याच्या पाठीला लागलेले. आतून अधूनमधून खाकरणे ऐकू येते, भिंग काचेवर टेकल्याची बारीक टिकटिक येते, आणि मग अशी दीर्घ निःस्तब्धता पसरते की कपाशीच्या पऱ्हाटीतली टिटवीसुद्धा त्यांना झाड समजून जवळून चालत जाते.

ह्यांची सगळी नोकरी खाणीत सर्वेअर म्हणून झाली. आठवडाभर ज्या शेतांत खाणीच्या हद्दीच्या खुंट्या ठोकायच्या, सुटीच्या दिवशी त्याच शेतांचे रूप फिल्मवर उतरवून ठेवायचे. जणू एका हाताने निरोप द्यावा आणि दुसऱ्या हाताने पदर धरून ठेवावा. कॅमेरा यवतमाळच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आणलेला, पुढे लोहाराच्या भात्यासारखा कातडी भाता. एका फोटोला तळहाताएवढी एक सुटी फिल्म, त्यामुळे घाई हा शब्दच त्या पेटीला ठाऊक नाही. माणसाचा फोटो त्यांनी सहसा काढला नाही. लग्नाच्या वर्षी मी पहिल्यांदा सोबत गेले ती तोंडाला पावडर लावून, वेणीत शेवंती माळून. फोटो तुरीच्या शेताचा होता. तरी मी शहाणी बाई शेताच्या कडेला मान तिरकी करून घटकाभर उभी राहिले, आणि छापून आले तेव्हा कोपऱ्यात भोपळ्याएवढ्या तोंडाची कोणी परकीच निघाली. रुंद लेन्स कडेच्या वस्तूला बाहेर ओढते, असे ह्यांनी अत्यंत गंभीरपणे समजावले. मी दोन दिवस जेवले नाही. तुरीचे काही बिघडले नाही.

त्यांची एक रीत होती. कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या घासलेल्या काचेवर जग उलटे उतरते, माती वर आणि आभाळ खाली. त्या काचेकडे ते हातभर अंतरावरून, मान न हलवता, नजर न फिरवता पाहत. जे एका नजरेत मावत नाही ते एक चित्र नव्हे, असे ते म्हणत. भिंग फक्त मधल्या रेषेची धार तपासायला. कोपरे तपासणे त्यांना अपमानास्पद वाटे. चांगला यजमान पंगतीतल्या शेवटच्या पानापर्यंत बसल्या जागेवरून पाहतो, तसे.

वर्षानुवर्षे त्यांच्याकडे नव्वद मिलिमीटरची लेन्स होती. स्वभावाने संयत; क्षितिजाला त्याच्या उंचीवर ठेवणारी, दूरच्या गोष्टीचा मान राखणारी. पण माळाच्या दोन्ही बाजूंनी खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर आत सरकत आले, आणि उरलेला माळ तिच्या चौकटीत मावेना. मागे सरकून उभे राहावे, तर मागे खाण. म्हणून मुलाने पुण्याहून कोणाची तरी वापरलेली, आणखी रुंद अशी पासष्टची लेन्स पाठवली, पटली नाही तर आठवड्यात परत करायच्या बोलीवर. ही स्वभावाने हावरी. पायाखालच्या ढेकळापासून आभाळापर्यंत सगळे कवेत घेणारी, जवळच्याला फुगवणारी, दूरच्याला आणखी दूर लोटणारी. आणि अशा सगळ्या लेन्सांसारखी मधोमध तेजस्वी, कडेला किंचित मंद.

त्याच आठवड्यात एका सकाळी दोन्ही लेन्सांची परीक्षा होती. आधी नव्वदची लावली. कोपरे जरा उदास वाटतात, एवढेच हे बोलले. मग पासष्टची लावली आणि कापडाखाली बराच वेळ काही हलले नाही. बाहेर आले ते संतापून. लेन्स चारी कोपरे कापते, पोराला कोणीतरी फसवले, उद्याच परत पाठवायची. मी सहज कापडात डोके घातले. वरच्या दोन कोपऱ्यांत उलटी ढेकळे, वाळकी पऱ्हाटी. खाली एका कोपऱ्यात विजेच्या खांबाचे टोक, दुसऱ्यात बगळ्यांची ओळ. मंद, पण सारे जागच्या जागी.

"अहो, मले तर सगळं दिसून राह्यलं," मी म्हटले.

त्यावर, मला पंचेचाळीस वर्षांत या विषयातले काय समजले, असा प्रश्न आला. पुरावा हवा म्हणून त्यांनी दोन्ही लेन्सांनी एकेक फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातल्या दोरीवर वाळलेल्या त्या फिल्मा त्यांनी खिडकीच्या उजेडात धरल्या. पासष्टची फिल्म भिंगाखाली सरकवत गेले. पहिला कोपरा, दुसरा, तिसरा. पऱ्हाटीच्या बोंडाची फुटकी कवचेसुद्धा मोजता यावीत इतकी स्वच्छ. चौथ्या कोपऱ्यावर हात थांबला. मी चहा घेऊन दारात उभी होते. त्यांनी भिंग खाली ठेवले, भिंतीकडे तोंड केले, आणि मान न हलवता समोर पाहत राहिले, पंगत तपासल्यासारखे. डावीकडे खुंटीला छत्री होती, उजवीकडे मी.

"सुमन," ते म्हणाले, "लेन्स बरोबर आहे."



नागपूरच्या डॉक्टरांनी नाव सांगितले: काचबिंदू. कडेची नजर गेली ती येत नाही. उरलेली थेंबांवर टिकवायची. परतताना एसटीच्या खिडकीतून ते समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत होते, बाहेर नाही. मुलाचा फोन आला, लेन्स परत पाठवू का. मला वाटले आता कॅमेराच विकतील. पण हे म्हणाले, "राहू दे. जे मले दिसत नाही, ते तिले दिसते."

तेव्हापासून त्यांचे पाहून झाले की मी कापडाखाली जाते आणि कोपरे वाचून दाखवते. मधले जग त्यांचे, कडेचे माझे. ते मान हलवतात, मग फोटो काढतात. गेल्या महिन्यात डावीकडचा पळस मातीच्या डोंगराखाली गेला. त्यानंतरच्या सकाळी डाव्या कडेला काय आहे असे त्यांनी विचारले. पळस, मी म्हणाले. फुलला आहे का, असेही विचारले. फुलला आहे, म्हणाले. फिल्म वाळल्यावर नुसत्या मातीचा तो कोपरा त्यांनी भिंगाखाली फार वेळ धरला, आणि मला काही विचारले नाही. फक्त दुसऱ्या दिवशी माळावर, मान न हलवता, पळसाला यंदा फुले उशिरापर्यंत टिकली, एवढेच बोलले.

काळ दिवा फुंकून जात नाही, तो कडेकडेने येतो. आणि मधल्या थोड्या उजेडात बसलेली दोन माणसे एकमेकांना जे नाही तेही सांगत राहतात, तोवर ते पुरते नाहीसे होत नाही.