दोन अंगठ्यांचा ग्लोव्ह

मी एक जुना ग्लोव्ह आहे, बेसबॉलचा. मला अंगठे दोन आहेत, एक या कडेला आणि एक त्या कडेला. मित्रांनो, असा ग्लोव्ह दुकानात मिळत नाही. नेब्रास्कातल्या आमच्या गावी वाक्लाव कुचेरा खोगिरं शिवायचे. त्यांनी मला आपल्या मुलासाठी, मिलोसाठी शिवलं. मक्याच्या यंत्रात सापडून मिलोचा उजवा हात दोन वर्षं निकामी झाला होता. त्या काळात तो डाव्या हाताने चेंडू टाकायला शिकला. पुढे उजवाही बरा झाला. चेंडू टाकणारा हात मोकळा असतो आणि ग्लोव्ह दुसऱ्या हातात. मी मात्र त्याच्या कुठल्याही हातात बसायचो.

तीन उन्हाळे माझं फार कौतुक झालं. माणसं मला उलटसुलट करून बघायची.

मग ऑगस्टमधला तो अंतिम सामना आला, नदीपलीकडच्या गावाशी. आमचं गाव अकरा वर्षांत जिंकलं नव्हतं. आम्ही पुढे होतो आणि जिंकायला आता एकच फलंदाज बाद व्हायचा होता, रॉइस हॅनलन. तोही दोन्ही बाजूंनी खेळणारा. टाकणारा आणि खेळणारा एकाच हाताचे असले, की टाकणाऱ्याचं फावतं. उलट हातांचे असले, की खेळणाऱ्याचं.

मिलोने मला डाव्या हातात घातलं, म्हणजे तो उजव्याने टाकणार. रॉइस डावखुऱ्याच्या जागी जाऊन उभा राहिला. मिलोने मला उजव्या हातात घातलं. रॉइस पलीकडे गेला. लोक हसले. विसाव्या खेपेपर्यंत हसणं थांबलं होतं. चाळिसाव्या खेपेला शेतातले टोळसुद्धा गप्प झाले.

आता कोण कुणाला बघून बदलतो आहे, ते कळत नव्हतं. दोघे एकाच क्षणी हलत होते, माणूस आणि आरसा हलावेत तसे. माझ्यात येणारा हात गार पडला होता. तो मिलोचा आहे, असं मला वाटेना.

अंपायर ओटिस प्रूइट, गावचे न्हावी, मधे येऊन उभे राहिले. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "चेंडू कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे," मिलो म्हणाला.

"मग हात आधी तू सांगायचा, आणि तो बदलायचा नाही. मग रॉइस हवं तिथे उभा राहील."

"जो आधी सांगेल तो हरेल, काका. हा न्याय नाही."

"नसेल. पण कुणीतरी आधी सांगायलाच हवं, पोरा. नाहीतर आपण सगळे इथेच राहू."

मिलोने उजवा हात सांगितला. रॉइस डावीकडून खेळला आणि चेंडू कुंपणापार गेला. आम्ही हरलो. नियम अन्यायाचा, असं सगळं गाव म्हणू लागलं.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज दुपारी मला घेऊन गोठ्याच्या भिंतीसमोर उभा राही. मला या हातातून काढी, त्या हातात घाली. समोर कुणी नसे. बहीण आल्बिनाने हाक मारली तरी तो थांबत नसे. वाक्लाव चाकू घेऊन आले, माझा एक अंगठा कापायला. मिलोच्या डोळ्यांकडे बघून ते परत फिरले.

मग रॉइसची आई बाजारात आल्बिनाला भेटली. तिचा मुलगाही रोज दुपारी बॅट घेऊन अंगणात इकडून तिकडे पावलं टाकत होता.

आल्बिनाने त्याच दुपारी मिलोला गाडीत घातलं आणि पूल ओलांडून हॅनलनांच्या शेतावर नेलं. दोघे समोरासमोर आले आणि पुन्हा हलू लागले. आल्बिना ओरडली नाही. तिने भावाची मान दोन्ही हातांत धरली. "तू सांग, मिलो. तिथे हरलास, इथेही हर. पण घरी चल."

मिलोचे हात थांबले. मग मिलो कुजबुजला, "उजवा."

रॉइस डावीकडे जाऊ शकत होता. नियम त्याच्या बाजूचा होता. पण तोही थकला होता. "मग मीही उजवा," तो म्हणाला आणि तोट्याच्या जागी उभा राहिला. मिलोने टाकलं. चेंडू हुकला आणि सोयाबीनच्या शेतात गेला. त्याच्यामागे कुणी धावलं नाही. दोघे हॅनलनांच्या घराच्या पायरीवर बसून रडले.

मिलोने पुन्हा मला हात लावला नाही. आज तो नाही, रॉइसही नाही. मी गावच्या सभागृहातल्या कुलूपबंद कपाटात आहे. माझं चामडं तडकलं आहे, शिवण उसवली आहे. मित्रांनो, मला बाहेर काढा, तेल लावा, खेळायला न्या. रिकामा ठेवलेला ग्लोव्ह रिकामा राहत नाही. कपाट कुणी उघडत नाही, तरी रोज माझ्यात एक गार हात येतो. तो निघून जातो आणि दुसऱ्या बाजूने परत येतो. त्याला अजून ठरवता आलेलं नाही.