वळणावर हाक कोणाची

हो, मीच बोलतोय. ज्याला तुम्ही डबडं म्हणता, डोळ्यांची वाट लावणारं खूळ म्हणता आणि कोणी बघत नसलं की हळूच हातात घेऊन बघता, तोच मी. हातात धरून खेळायचा गेम. दुकानदार मला ऐटीत कन्सोल म्हणायचा. नाव काहीही घ्या, पण आज माझं ऐकून घ्या. आजवर सगळे माझ्याबद्दल बोलत आले, आणि बहुतेकांनी मला सुरूसुद्धा केलं नव्हतं.

जन्माचं फारसं सांगण्यासारखं नाही. लांबलचक टेबलावर माझे तुकडे एकत्र आले. पडदा बसला, पाठ बसली, दोन्ही बाजूंना दोन सुटे होणारे हात बसले, डावा निळा आणि उजवा लाल. शेवटी एका बाईने मला उचललं. हातात पांढरे मोजे, डोळे झोपेला आलेले. तिने माझं एकेक बटण दाबलं, दोन्ही दांड्या गोल फिरवल्या आणि शेजारणीला म्हणाली, "चालतो." माझ्याविषयीचं हे पहिलं मत. मला अजूनही तेच सगळ्यांत आवडतं, कारण तिने आधी बटणं दाबली आणि मग तोंड उघडलं.

दुकानात उलटाच कारभार. मी काचेच्या कपाटात, आणि बाहेर परीक्षकांची रांग. "केवढा जड आहे." "केवढा हलका आहे, टिकायचा नाही." एक गृहस्थ मुलाला म्हणाले, "असल्या गोष्टींनी माणसं एकलकोंडी होतात." हे ते फोनमध्ये डोकं घालून म्हणाले. मुलाने ऐकलं की नाही हेही त्यांनी पाहिलं नाही. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही माणसांची जुनी खोड आहे. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे. अहो, इथे शितही कोणी चाखत नव्हतं, भांड्याकडे बघूनच निकाल लागत होता.

मग एक दिवस दाराएवढा रुंद माणूस आला. घरी त्याला बारक्या म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्याच्या उजव्या मनगटावर टाक्यांची ताजी खूण होती. त्याने विचारलं, "भाचीला द्यायचंय. दोघांना खेळता येईल असं काही आहे का यात?" दुकानदाराने माझ्यात तसला एक खेळ भरून दिला आणि मला रंगीत कागदात बांधलं. मला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

कसलं उघडतंय. पोरीने कागद फाडला, खोका पाहिला आणि परत टेबलावर ठेवून दिला.

"साहेब, उघडून तरी बघा," मामा म्हणाला. तो तिला लाडाने साहेब म्हणतो.

"नको मला. तू जाणार म्हणून आणलायस ना? मग नको."

तिचं चुकलं नव्हतं, पण मला राग आला. कोणाच्या जाण्याची भरपाई म्हणून मला कोणी जन्माला घातलं नव्हतं. मी खेळायला आलो होतो, आणि इथे मला लहान मुलाच्या तोंडात कोंबायच्या गोळीसारखं वापरत होते. रडू नको, हे घे आणि गप्प बस. त्या खोक्यात पडल्या पडल्या मी पोरीच्याच बाजूचा झालो.

ते घर काचवाल्यांचं. पुढे दुकान, मागे कारखाना, वर राहायच्या खोल्या. पोरीचे बाबा आणि मामा मिळून काचा कापायचे, वाहून न्यायचे, बसवायचे. आई काचेवर वाळूचा फवारा मारून नक्षी काढायची. सगळं नीट चाललं होतं, आणि मग नृत्याच्या वर्गाचा मोठा आरसा वर नेताना तिथल्या जिन्याच्या वळणावर फुटला. मामाचं मनगट कापलं. बाबा म्हणाले, तू बोलला नाहीस. मामा म्हणाला, तुम्ही बोलला नाहीत. त्यानंतर खरोखरच दोघं बोलले नाहीत. मामाने दुसऱ्या गावी काचेच्या मोठ्या कारखान्यात नोकरी धरली. आता तसाच दुसरा आरसा बनून यायचा होता. तो एकदा वर चढवला की मामा जाणार होता.

अबोल्याचा सगळा भार पोरीवर पडला होता. दोघं एकाच टेबलाच्या दोन टोकांना उभे असत आणि मध्ये ती.

"तुझ्या बाबांना सांग, जाड काच संपली."

"तुझ्या मामाला सांग, मला डोळे आहेत."

ती बिचारी डावीकडून उजवीकडे मान वळवायची, निरोप द्यायची आणि मनातल्या मनात कुढायची. मामाने राहावं, एवढंच तिला हवं होतं. हे मात्र ती कोणाजवळ बोलत नव्हती.

मला खोक्यातून बाहेर काढलं ते बाबांनी. बटणाकडे ढुंकूनही बघितलं नाही. उजेडात तिरकं धरलं, डोळा बारीक केला, पडद्यावर नखाने टकटक केलं आणि कान लावला. "काच बरी आहे," म्हणाले आणि ठेवून दिलं. थोड्या वेळाने मामा आला. त्यानेही तिरकं धरलं, नख वाजवलं. "बरी आहे काच," स्वतःशीच म्हणाला. जगात माझी इतकी मतं झाली, पण मला निव्वळ काच म्हणून जोखणारी ही दोनच माणसं. दोघांचं मत अक्षरशः एक होतं, आणि ते एकमेकांना सांगायला दोघांच्या तोंडाला कुलूप.

आईचं मत ठरलेलं होतं. "डोळ्यांची माती करून घ्या." तिच्या फोनचा उल्लेख मी मुद्दाम करत नाही.

शेवटी पोरीचा हट्ट सुटला. हट्ट म्हणा, कंटाळा म्हणा. तिने मला सुरू केलं. आधी गाड्यांची शर्यत खेळली. "सगळ्या गाड्या एकाच आवाजात ओरडतात," म्हणाली. खरं आहे ते, मी कशाला नाकारू? मग तो दोघांचा खेळ उघडला. दोन अस्वलं, एक निळं आणि एक तपकिरी. दोघांनी मिळून पाण्याने भरलेला टब उचलायचा. टबात एक जाडजूड मासा. नागमोडी वाटेने डोंगर चढून त्याला वरच्या तळ्यात सोडायचं. टब कलला की पाणी सांडतं आणि मासा अशा नजरेने बघतो की सासूने बघू नये. पोरगी पहिल्यांदाच हसली. आईला तिने खेळायला बसवलं, पण आई खेळता खेळता गिऱ्हाइकाशी बोलायला उठली आणि तिचं अस्वल कड्यावरून खाली गेलं. पोरगी पडद्याकडे बघत राहिली. मग तिने मला उचललं आणि थेट कारखान्यात नेलं.

दुपारची वेळ होती. आरशाचा टेम्पो यायचा होता आणि उशीर करत होता. बाबा टेबलाच्या एका टोकाला, मामा दुसऱ्या टोकाला. पोरीने मला मधोमध उभं केलं, माझे दोन्ही हात सोडवले आणि एकेक एकेकाच्या हातात दिला.

"हा टप्पा मला जमत नाही. तुम्ही करून द्या."

"मला काम आहे," बाबा म्हणाले.

"टेम्पो कुठाय?" ती म्हणाली.

सुरू झाले. मुकाट्याने. टब उचलला, कलला, सांडला. पुन्हा उचलला, पुन्हा सांडला. दोघांचे हात उत्तम होते, माझी खात्री आहे, पण तोंडं शिवलेली. मासा बघत राहिला.

पोरगी वैतागली. "बाबा, तुझं अस्वल मागे आहे. ते समोर बघतंय. मग हाक तुझी ना?"

हा त्यांच्या धंद्यातला कायदा. मोठी काच दोघांनी नेताना पुढचा उलटा चालतो, त्याला वाट दिसत नाही. मागच्याला दिसते, म्हणून मागच्याने हाक द्यायची. उचल, डावीकडे, टेक. पुढच्याने तोच शब्द परत म्हणायचा, म्हणजे कळलं. घरातल्या पोरीलाही हे पाठ होतं.

बाबांनी घसा खाकरला. "तुझ्या मामाला सांग, उचल."

"मला नको सांगू. अस्वलाला सांग."

बाबा पडद्याकडे बघत म्हणाले, "निळ्या, उचल."

"उचललं," मामाही पडद्याकडे बघत म्हणाला.

"डावीकडे."

"डावीकडे."

अशी दोन थोराड माणसं अस्वलांच्या आडून बोलू लागली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. टब निघाला, डुलत डुलत पहिल्या वळणापर्यंत गेला. आणि तिथे पडला. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच पडला. त्या वळणावर वाट उलटी फिरते. टब फिरवायला जागा नसते, म्हणून मागचं अस्वल पुढे होतं आणि पुढचं मागे. पुन्हा केलं. वळण आलं, दोघं गप्प झाले आणि मासा वाळूत गेला.

"वळणावर तुम्ही बोलला नाहीत," मामा म्हणाला. आता तो पडद्याकडे बघत नव्हता.

"वळणावर हाक तुझी. तू मागे आलास, तुला दिसायला लागलं होतं."

"मी अजून वळत होतो, दाजी. पाय जिन्यात अडकले होते माझे. मला वाटलं, तुमचीच आहे."

माझ्या खेळात जिना नाही. पोरीलाही ते कळलं.

"मग दोघांनाही वाटलं, दुसरा बोलेल," बाबा सावकाश म्हणाले.

फवाऱ्याचं यंत्र बंद करून आई दारात आली. तोंडावरचा रुमाल तिने खाली ओढला. "इतकी वर्षं काचा वाहताय, आणि वळणावर कोण बोलणार हे ठरवलंच नव्हतं?"

"वेळच आली नाही कधी," बाबा म्हणाले. "कोणीतरी बोलायचंच."

मग जे भांडण जुंपलं ते मी जन्मात विसरणार नाही. मनात साठलेलं सगळं निघालं. कोणी कोणाला दवाखान्यात भेटायला आलं नाही, कोणी कोणाचा कटर न विचारता घेतला, सगळं. बाबा म्हणाले, तुझं मनगट बघवत नव्हतं म्हणून आलो नाही. मामा म्हणाला, मग तेवढंच सांगायचं होतं. पोरीला निरोप पोचवायचं काम उरलं नव्हतं. ती माझ्या पाठीवर तळहात ठेवून नुसती ऐकत बसली होती.

भांडून दमल्यावर त्यांनी ठरवलं. वळणावर आधी टेकायचं. तोवर ज्याची हाक होती त्याने म्हणायचं, "हाक तुझी." दुसरा "माझी" म्हणेपर्यंत कोणी हलायचं नाही. तसं करून बघितलं. मासा वरच्या तळ्यात गेला आणि गेल्यावरसुद्धा त्याने आभार मानले नाहीत. माझ्यासारखाच आहे तो.

टेम्पो आला. त्यातूनच आम्ही नृत्याच्या वर्गापाशी गेलो. आरसा उतरला, धरायला त्यावर रबरी मुठी चिकटवल्या, दोघांनी उचलला. पोरगी मला घेऊन जिन्याखाली उभी राहिली. मी बंद होतो, तरी तिचा अंगठा माझं बटण दाबत होता. वरून बाबांचा आवाज यायचा, मागोमाग मामाचा. मग वळण आलं आणि आवाज थांबले. तिचा अंगठाही थांबला.

"टेक."

"टेकलं."

"हाक तुझी."

"माझी."

तिने इतका वेळ धरलेला श्वास सोडला, तो माझ्या पडद्यावर उमटला.

आता आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, यानेच दोघांना बोलतं केलं. कालपर्यंत माती करणारा, आज एकदम गुणाचा. कानामागून आला आणि तिखट झाला. मला हे श्रेय नको. मी औषध नाही, शिकवणी नाही, मी खेळ आहे. खेळ म्हणून हातात घेतलं तेव्हाच ते घडलं. उपयोगी पडल्याशिवाय खेळाला घरात जागा नाही, असं म्हणणाऱ्यांशी माझं उभं वैर आहे.

आणि मी मामाला थांबवलंही नाही. पोरीला वाटलं होतं, तो आता जाणार नाही. तो म्हणाला, "साहेब, मी शब्द दिलाय तिकडे. पण आता रागावून जात नाहीये." तिला हा फरक कळला, पण पटला नाही. डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. मग तिने माझा निळा हात बाजूने सरकवून काढला आणि त्याच्या पिशवीत टाकला.

"अगं, हा कशाला? याच्याशिवाय तो अर्धाच राहील."

"राहू दे. पूर्ण देऊन गेलास तर तू गेलास. अर्धा ने, म्हणजे परत आणून द्यावा लागेल."

तेव्हापासून मी असा आहे. उजवीकडे हात, डावीकडे रिकामी खाच आणि तिच्यात थोडी काचेची भुकटी. शर्यती मला आता जमत नाहीत. घरी येणारे बघतात आणि लगेच मत देतात, की मोडलाय, नवा हात मागवा, नाहीतर टाकून द्या. बटण दाबून कोणी पाहत नाही. पोरगी त्यांना काही समजावत बसत नाही. मोठा आरसा न्यायचा असला की बाबा फोन करतात आणि मामा येतो. आल्या आल्या पिशवीतून माझा हात काढून खाचेत सरकवतो, टक् आवाज होतो, आणि ती म्हणते, "हाक तुझी." जाताना हात पुन्हा त्याच्या पिशवीत जातो.

मी मोडलेलो नाही. माझा एक हात दुसऱ्या गावी आहे, एवढंच. कृपा करून मला कोणी दुरुस्तीला नेऊ नका.