सुशीलाबाईंच्या चित्रावर धरलेलं भिंग

“चित्र भिंतीवरून काढायच्या आधी त्याची स्थिती लिहायची, माधवी. तिथंच, त्यांच्या घरात बसून. घरच्या माणसाच्या हातात हे भिंग द्यायचं, डाग-चिरा त्यांनाच शोधू द्यायच्या आणि मगच सही घ्यायची,” असं बाळकृष्णरावांनी निवृत्तीच्या दिवशी आपल्या जागी आलेल्या माधवीला बजावलं होतं.

माधवी हसली. “सर, आता मोबाईल आहे ना!” म्हणाली आणि मला ड्रॉवरमध्ये ठेवून मोकळी झाली.

मित्रांनो, मी तेच जुनं भिंग आहे. पितळी कडं, लाकडी मूठ. माझी काच कुठल्या कारखान्यात घासली गेली ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते काचीगुड्याच्या एका घड्याळवाल्याचं टेबल. तिथून बाळकृष्णरावांनी मला हैदराबादच्या एका छोट्या कलासंग्रहालयात आणलं. प्रदर्शनासाठी आलेलं चित्र कसं आलं आणि कसं परत गेलं, हे स्थितीपत्रकावर नोंदवणं हे त्यांचं काम. एकतीस वर्षं मी त्यांच्या डोळ्यापुढे होतो. लांबून बघणाऱ्याला चित्रात महाल दिसतो. मला त्या महालाच्या खिडकीत चिकटलेली माशीची तंगडी दिसते. निळ्याखाली आणखी एक निळा का बरं? ही सुरकुती कागदाची की रंगाची? विचारत राहायचं, हा माझा स्वभावच. “हे नसतं तर मी आंधळाच,” असं बाळकृष्णराव पाहुण्यांना सांगायचे, तेव्हा माझं पितळ जरा जास्तच चमकायचं.

मग तो ड्रॉवर आला. सोबतीला गंजक्या टाचण्या आणि सुकून गेलेली शिक्क्याची गादी. अंधारात बघण्यासारखं काय असणार?

यंदा संग्रहालयानं शहरातल्या घराघरांतून हौसेनं काढलेली चित्रं मागवली. त्यातलं एक नल्लकुंट्याच्या सुशीलाबाईंचं. चिंचेचा कोवळा पाला निवडत बसलेली एक मुलगी. “ही माझी इंदुताई. मी कॉलेजात असताना काढली,” असं त्यांनी माधवीला कौतुकानं सांगितलं होतं. पण माधवीचं अर्धं लक्ष फोनकडे. तिची तीन वर्षांची लेक मेघना शाळेत तापली होती, शाळेतल्या बाईंचे दोन फोन येऊन गेले होते. तिनं घाईघाईत कोऱ्याच स्थितीपत्रकावर सही घेतली, चित्र गुंडाळलं, रिक्षा पकडली. रकाने दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून भरले. हे सगळं मला तिच्याच बोलण्यातून नंतर कळलं.

दोन महिन्यांनी प्रदर्शन उतरलं. ताडून बघायला तिनं मोबाईलमधले फोटो काढले, तर काचेच्या चकाकीत अर्धी इंदुताई गायब! तेव्हा कुठे मी ड्रॉवरबाहेर आलो आणि तिच्या पर्समध्ये बसून नल्लकुंट्याला गेलो.

सुशीलाबाईंनी कागद सोडवला, चित्र पाहिलं आणि मान हलवली.

“हे माझं नव्हे बाई.”

“मावशी, तुमचंच आहे. इथूनच तर नेलं मी.”

“नक्को, नक्को! तुमच्या ऑफिसातल्या लोकांनी बदललं काय की. एवढी शिकलेली दिसतेस, अन् दुसऱ्याचं चित्र माझ्या गळ्यात मारतेस?”

 माधवीची नोकरी अजून कायम झाली नव्हती. चित्र बदलल्याची एक तक्रार पुरेशी होती, आणि तिच्या हातात होती ती कोऱ्या कागदावरची सही. तिनं चित्र भिंतीवरच्या फिकट चौकोनाला लावून दाखवलं. बोटभरही फरक नव्हता.

“मापाचं काय गं? सगळ्या चौकटी सारख्याच,” सुशीलाबाई म्हणाल्या.

मग माधवीनं मला त्यांच्या हातात दिलं.

किती छान धरलं त्यांनी मला! न सांगता बरोबर अंतर साधलं. एकेका पानावरून आम्ही दोघं फिरलो. सुपाच्या काठावरून, पदरावरून, केसांपर्यंत.

“अगं माय! हिच्या भांगात ब्रशचा केस चिकटलाय बघ. काढणारीचा ब्रश हलका होता वाटतं.” त्या खुदकन हसल्या. “पण पोरगी मोठी गोड. कोण गं ही?”

“इंदुताई,” माधवी हळूच म्हणाली.

“कोण इंदुताई?”

माधवीच्या हातात पेन तयार होतं. राग निवळला होता, सही मागितली असती तर मिळाली असती. तिनं पेनाला टोपण लावलं. मग ती माझ्यासारखी बघायला लागली. ओट्यावर दुधाच्या तीन पिशव्या न फोडलेल्या, फुगलेल्या. गोळ्यांच्या डबीत सोमवारपासूनचे सगळे कप्पे भरलेले. वार होता शनिवार.

तिनं जवळच विद्यानगरला राहणाऱ्या सुशीलाबाईंच्या मुलाला, वरुणला फोन लावला.

“आईला काय झालंय? रोज सकाळी बोलतो मी. मजेत आहे म्हणते.”

“दादा, फोनवर नका बोलू. या.”

तो आला तो डोक्यावरच्या हेल्मेटसकट आत. सुशीलाबाईंनी त्याला ओळखलं, त्याला बसायला सांगितलं आणि मला त्याच्या हातात दिलं. “बघ रे, कुणाची पोरगी आहे कोण जाणे.” वरुणनं चित्र पाहिलं. बराच वेळ त्यानं मला डोळ्यापुढून हलवलंच नाही. माझी काच ओली झाली.

पहिल्याच दिवशी मला सोबत नेलं असतं तर लवकर कळलं असतं का? मला माहीत नाही. पण माधवी त्या घरात आणखी अर्धा तास बसली असती, एवढं खरं.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून, मऊ कापडात जपून ठेवा, असं सांगायला मी बोलायला लागलो होतो. ते राहू दे. तुमच्या जिन्यात, समोरच्या दाराआड कुणी एकटं राहत असेल. आज त्यांच्याकडे जा. दारातूनच “बरं आहे ना?” विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. आत जाऊन बसा. पाणी मागा. भिंतीवर एखादं चित्र किंवा फोटो असेल, त्याच्याकडे बोट दाखवून विचारा, हे कोण? आणि उत्तर पुरं होईपर्यंत उठू नका.