निळ्या पट्टीच्या आत

टाकीवालीने गुडघ्यांवर बसून निळ्या चिकटपट्टीचं शेवटचं टोक फरशीवर दाबलं आणि अंगठ्याने घासलं. हॉलमध्ये, खिडकीखाली माणूस जाईल एवढी वाट सोडून जवळजवळ सोफ्याच्या पायांपर्यंत, एक लांबट चौकोन तयार झाला.

"ही काच," ती उठत म्हणाली. "पुढच्या रविवारपर्यंत हिच्या आत कुणी पाय टाकायचा नाही. जायचं तर वळसा घालून. तुम्हाला जमलं, तर माशाची टाकी बनवते. आधी हौसेनं घेऊन मग रडणारी घरं मी पुष्कळ बघितलीत."

"आणि शार्क?" माईंनी विचारलं.

"बांबू शार्क, मावशी. तळाशी पडून असतो, कुणाच्या वाटेला जात नाही. दिवसा झोपतो, रात्री फिरतो."

"आई, अजूनही सांगतो, मांजर पाळ," सोफ्यावरून मुलगा म्हणाला.

"मांजर माझ्याकडे बघून जांभया देतं. जन्मभर वॉर्डात रात्रपाळ्या केल्या, जांभया बघून झाल्यात माझ्या. आता रात्री मी एकटीच जागी असते. मला जागं असणारं कुणीतरी हवंय."

मुलाने बायकोकडे बोट केलं. "मी मधे पडत नाही. घर हिच्या जिवावर चालतं. रविवारी ही नको म्हणाली, तर विषय संपला."

सून कपड्यांच्या घड्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "बघू."

हे 'बघू' माईंच्या ओळखीचं होतं. याच 'बघू'त मुलाची मोटारसायकल कित्येक वर्षं अडकून पडली होती.

माईंची खोली एका टोकाला, बाथरूम दुसऱ्या; मधे चौकोन. गुडघा कुरकुरत असतानाही माई भिंतीला हात लावत, खिडकीखालून पूर्ण वळसा घालून जायच्या. पट्टी ओलांडणं सोपं होतं. म्हणूनच त्या ओलांडत नव्हत्या.

मुलगा मात्र फोनवर बोलता बोलता सरळ आत शिरला.

"फुटली!" माई ओरडल्या.

"काय फुटलं?"

"काच. फडकं आण आता. पाणी शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेलं."

फडकं हातात दिल्याशिवाय त्या हटल्या नाहीत. सून तोंड फिरवून हसली, की नुसतीच वळली, ते त्यांना कळलं नाही.

"टाकी आली की इस्त्रीचं टेबल माझ्या खोलीत टाक," भाजी निवडताना त्यांनी सुचवलं. "तुला अडचण नको."

"बघू."

एका दुपारी माईंना जाग आली. दाराच्या फटीतून त्यांनी पाहिलं, तर सून चौकोनाच्या आत होती. पट्टीच्या कडेकडेने चालत होती. कोपऱ्याशी थांबायची, वळायची, परत यायची. आपलं काय काय जाणार त्याचा हिशेब करतेय, माईंना वाटलं. त्यांनी दार आवाज न करता लोटलं.

रविवारी टाकीवाली आली तेव्हा फरशी कोरी होती.

"बसा, चहा तरी घ्या," मुलगा फार प्रेमाने म्हणाला.

माई खोलीतून बाहेर आल्या. त्यांनी फरशी बघितली आणि तरीही खिडकीखालूनच वळसा घालून खुर्ची गाठली.

"मी काढली पट्टी," सून स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"दिसतंय. कारण सांग. आणि एक आधीच सांगते, पुढच्या महिन्यात मी परत लावायला लावणार आहे."

"टाकी छोटी पडते, माई." सून टाकीवालीकडे वळली. "मी चालून बघितलं. चार पावलं टाकली की भिंत. वळायचं. परत चार पावलं, परत भिंत. असं कुणी जन्मभर फिरायचं?"

"चालतं तेवढं, वहिनी. लोक ठेवतात."

"ठेवतात. माहितीये मला."

माईंची नजर सुनेच्या खांद्यावरून मागे गेली, एका वेळी एकच बाई जेमतेम मावेल अशा त्या स्वयंपाकघराकडे.

सुनेने पट्टीचं रीळ आणलं, नखाने टोक सोडवलं आणि माईंपुढे धरलं.

"धरा."

गुडघ्याला न विचारता माई खाली बसल्या. भिंतीशी टोक दाबून त्यांनी अंगठा घट्ट रोवला. रीळ सोडवत सून मागे मागे सरकू लागली.

"इथे?" टाकीवालीने विचारलं.

"अजून."

"अगं, पुढे सोफा आहे," मुलगा म्हणाला.

पट्टी चरचर आवाज करत त्याच्याकडे येत राहिली. त्याने बायकोकडे बघितलं, मग आईकडे, आणि हळूच दोन्ही पाय वर घेतले.