पहिलं पाणी

फुसाए भाताच्या भांड्यावरचं झाकण उचलत होती, तेवढ्यात न्हाणीघरातून आवाज आला. आधी एक मोठा गुडगुडाट, मग कुणीतरी घशातून ओढून घेतल्यासारखी लांबलचक गळगळ. झाकण तिच्या हातात तसंच राहिलं आणि त्याच्यावरची वाफ थेंबाथेंबानं तिच्या पायावर ओघळली.

खांद्यावर टॉवेल टाकून आपली पाळी यायची वाट पाहत बसलेल्या गेन्झोनं मान वर केली. चिनात्सु बापाकडे बघेना की आईकडे. ती नुसती न्हाणीघराच्या दाराकडे बघत राहिली.

"त्यानं बूच काढलं," ती हळूच म्हणाली.

टबातलं पाणी सगळ्या घराचं होतं. बाहेर स्टुलावर बसून साबणानं अंग घासायचं, लख्ख धुवायचं आणि मगच टबात उतरून शेकत बसायचं. तेच पाणी मग एकामागून एक सगळ्यांना पुरायचं. पाहुणा पहिला, त्याच्यामागून घरधनी, मग मुलं आणि सगळ्यांत शेवटी घरातली बाई. अंग बाहेर धुवायचं, टबात साबण न्यायचा नाही, हे चिनात्सुनं आजच्या पाहुण्याला, फर्गसला, दहादा बजावलं होतं. बूच काढू नकोस हे मात्र सांगायचं तिच्या मनातही आलं नव्हतं. मासा काट्यासकट गिळू नकोस, असं कुणी कुणाला सांगतं का?

आणि हे पाणी काही बटण दाबून आलेलं नव्हतं. गेन्झो दुपारपासून मागच्या अंगणात, गुडघाभर बर्फात उभा राहून बंबात लाकडं सारत होता. सफरचंदाच्या बागेतली छाटणी चालू होती. त्यातल्या वाळलेल्या फांद्या त्यानं निवडून ठेवल्या होत्या. स्वतःच्या तोंडानं तो पाहुण्याचं स्वागत करणार नव्हता, पण पाणी कडकडीत हवं, एवढं त्यानं मनावर घेतलं होतं. फुसाएला त्यातच थोडी आशा दिसली होती.

आशेची गरज होतीच. दोन वर्षांपूर्वी चिनात्सुनं कोबेहून फोन करून सांगितलं, मी निवडलेला माणूस स्कॉटलंडचा आहे. गेन्झोनं फोन ठेवून दिला आणि त्या दिवसापासून न पाहिलेल्या माणसाला तो पाण्यात पाहू लागला. पोरगी दोन्ही नववर्षांना घरी आली नाही. फुसाएनं एकदा याच्या, एकदा तिच्या विनवण्या केल्या, तेव्हा कुठे ही भेट जुळून आली. "हे शेवटचं, आई," चिनात्सु म्हणाली होती. "यावेळी त्यांनी तोंड फिरवलं, तर मी परत येणार नाही." पोरीचा स्वभाव बापावर गेलेला. ती बोलली म्हणजे तसंच करणार, हे फुसाएला ठाऊक होतं.

पाहुणा वाईट नव्हता. पण दुपारीच एक घोळ झाला होता. संडासातून आधी एक आरोळी ऐकू आली. गेन्झोनं गेल्या वर्षी मोठ्या हौसेनं पाण्याचा फवारा उडवणाऱ्या बटणांचं नवं भांडं बसवून घेतलं होतं, त्यातलं कुठलं तरी बटण पाहुण्यानं उभ्याउभ्याच दाबलं होतं. मग शर्टाचा पुढा चिंब भिजलेला फर्गस, संडासातल्या लाल रबरी सपाता पायात तशाच ठेवून, थेट बैठकीतल्या चटईवर येऊन उभा राहिला आणि आदरानं कमरेत वाकला.

"फार हुशार आहे," तो भांड्याबद्दल म्हणाला.

चिनात्सुनं गुडघ्यावर बसून त्या सपाता फर्गसच्या पायातून काढून घेईपर्यंत गेन्झो त्यांच्याकडेच बघत होता.

आता न्हाणीघराचं दार सरकलं. फर्गस उकडलेल्या खेकड्यासारखा लाललाल होऊन बाहेर आला. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"मी टब घासला," तो तोडक्यामोडक्या जपानीत म्हणाला. "साबण नाही, केस नाही. बाबांसाठी एकदम स्वच्छ."

"अगंबाई, कशाला एवढे कष्ट घेतलेत, पाहुणे!" फुसाएच्या तोंडून आपसूक निघून गेलं. पाहुण्याला त्याची चूक दाखवायची नसते. पण सगळं मुसळ केरात गेलं, असंच तिला वाटलं.

गेन्झो उठला. मागच्या दाराशी जाऊन त्यानं गमबूट चढवले. दार आपटलं.

"गेले," चिनात्सु म्हणाली. "आता गाडी काढून गावातल्या सार्वजनिक हमामखान्यात जातील आणि आम्ही झोपल्यावरच येतील. बघ तू."

दोघी गाडीच्या आवाजाकडे कान लावून उभ्या राहिल्या. आवाज आला तो कुऱ्हाडीचा. फुसाएला त्यानंही फारसा धीर आला नाही. गेन्झो रागावला की लाकडं फोडायचा, आणि त्या घरात लाकडांना कधी तोटा पडला नव्हता.

"बाबा काय करतायत?" फर्गसनं विचारलं.

"पाणी तापवतायत."

"पण माझी तर झाली आंघोळ."

"बाकीच्यांसाठी," चिनात्सु म्हणाली आणि पुढचं तिला सांगवेना.

फर्गसनं क्षणभर विचार केला. काय कळलं, किती कळलं, देव जाणे. त्यानं खुंटीवरचा गेन्झोचाच जुना कोट अंगावर चढवला आणि तो मागच्या दारानं बाहेर गेला. फुसाए स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली.

तो लाकडं उचलून बंबाकडे नेत होता. कोटाच्या बाह्या त्याच्या कोपरापर्यंतच पोचत होत्या आणि ओल्या डोक्यातून वाफ निघत होती. गेन्झोनं आधी त्याच्याकडे पाठ केली. मग वळून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"अरे ए, केस ओले आहेत तुझे! मरायचंय का?" तो खेकसला.

फर्गसला शब्द कळले नाहीत. तो हसला. तेव्हा गेन्झोनं आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याच्या डोक्यावर टाकला आणि वासरासारखं खसाखसा पुसून काढलं. फुसाए खिडकीपासून बाजूला झाली. असं काही चोरून पाहू नये, असं तिला वाटलं.

टब पुन्हा भरून पाणी तापायला वेळ होता. दोघं आत आले ते थंडीनं काकडत. म्हणून साके गरम झाली. मग ती संपली, म्हणून पुन्हा गरम झाली. आंघोळीआधी गेन्झो एरवी थेंबाला शिवत नसे.

"त्याला विचार," तो चिनात्सुला म्हणाला, "तुमच्या गावी टब घासतं कोण?"

चिनात्सुनं विचारलं. फर्गस जरा गोंधळला.

"तो म्हणतो, ज्यानं आंघोळ केली तो."

"पुरुष असला तरी?"

"असला तरी."

गेन्झोनं पेला खाली ठेवला. "आमच्यात ही घासते," तो म्हणाला आणि जन्मात पहिल्यांदाच ध्यानात आल्यासारखा बायकोकडे पाहू लागला. मग चिनात्सुकडे वळून तो म्हणाला, "छाटणीला माणूस कमी पडतोय. उद्या पहाटे उठेल का, विचार. शिडी धरायला उंच माणूस बरा असतो."

चिनात्सुनं ते फर्गसला सांगितलं. फर्गसनं एवढ्या जोरात मान हलवली की पेला हिंदकळला. गेन्झोनं सांडलेलं स्वतःच पुसलं. फुसाएचा जीव भांड्यात पडला. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, म्हणून ती उठून लोणचं आणायला गेली. लोणचं खरं तर समोरच होतं.

"पाणी नुसतं उकळतंय," गेन्झो म्हणाला. त्याचं तोंड आता फर्गसपेक्षा लाल झालं होतं. "लाकडं काय फुकट येतात? जा कुणीतरी."

"तुम्ही नाही जायचं," चिनात्सु म्हणाली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? घेतली की टबात उतरायचं नाही. आणि मी उठले तर तुम्ही दोघं नुसते एकमेकांची तोंडं बघत बसाल. आई, तूच जा."

"मी? आत्ता?"

"मग काय निवल्यावर?"

फुसाए न्हाणीघरात आली. स्टुलावर बसून तिनं अंग धुतलं. मग सवयीनं, तरंगणारे केस काढायची छोटी गाळणी हातात घेऊन तिनं टबावरच्या फळ्या उचलल्या. काढायला काही नव्हतं. पाणी तळापर्यंत दिसत होतं, बुचाची साखळीसुद्धा.

या घरात सून म्हणून आली तेव्हा सासरे, सासूबाई, नवरा, दोन दीर असे सगळे तिच्याआधी असत. पुढे मुलं झाली, तीही आधी. तिच्या वाट्याला पाणी यायचं ते कोमट, गढूळसर आणि बरगड्यांपर्यंतच. तिनं कधी तक्रार केली नव्हती. आंघोळ म्हणजे अशीच असते, असं तिला वाटायचं.

ती टबात उतरली, बसली, आणि पाणी चारी बाजूंनी काठावरून सांडलं. एवढं पाणी वाया चाललेलं पाहून ती धसकून अर्धी उठली. मग पुन्हा सावकाश बसली, हनुवटीपर्यंत. पुन्हा सांडलं. सांडू दे, असं ती मोठ्यानं म्हणाली. तिला फार फार बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याच्या मागोमाग थोडा रागही आला, पण कुणावर ते नीट ठरवण्याआधीच ऊब खांद्यांत शिरली आणि तिनं डोळे मिटले.

बऱ्याच वेळानं भिंतीपलीकडून, बंबाच्या बाजूनं, गेन्झोचा आवाज आला.

"अगं, आहेस का आत? निवलं का पाणी?"

इतकी वर्षं हा प्रश्न थंडीत उभं राहून तिनं विचारला होता.

"एक लाकूड टाका," ती म्हणाली.

सकाळी दोघं पुरुष शिडी घेऊन बागेत गेले. चिनात्सु भांडी पुसत होती, फुसाए लोणच्याचा मुळा चिरत होती.

"मी काल लाजेनं मेलेच होते, आई. आज संध्याकाळच्या आत त्याला सांगून टाकते, बूच काढायचं नसतं म्हणून."

"तुम्ही निघणार कधी?"

"रविवारी."

"मग गाडीत बसल्यावर सांग."

चिनात्सुचा हात थांबला. तिनं आईकडे नीट पाहिलं.

"अगं, पण आज पाळी बाबांची. ते काही रोज पिऊन बसणार नाहीत."

"त्यांना मी सांगेन, पहिलं पाणी बोचतं. तुमच्या अंगाला सोसायचं नाही, आधी मी उतरते."

"खरंच बोचतं?"

फुसाएनं मुळ्याची एक चकती तोंडात टाकली आणि शांतपणे चावून संपवली.

"तुझी आजी तरी मला सगळ्यांच्या मागे ठेवताना तसंच सांगायची," ती म्हणाली.